दात घासायला चार्जर हवाय?

सेलचा मोसम आला की तुमच्या कार्टमध्ये इअरबड्स, पॉवर बँक आणि फोनचं कव्हर यांच्या शेजारी हल्ली आणखी एक वस्तू येऊन बसते. इलेक्ट्रिक टूथब्रश. रीलमध्ये कुणीतरी पांढऱ्याशुभ्र दातांनी हसत सांगतं, की हातानं दात घासायचे दिवस गेले. मग ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘घेऊ का रे? वर्थ आहे का?’ एक जण म्हणतो, ‘घेऊन टाक.’ दुसरा म्हणतो, ‘येडा झालास का? वीस रुपयांच्या ब्रशनं कुणाचे दात पडलेत?’ चर्चा तिथेच संपते आणि निर्णय शेवटी डिस्काउंट किती आहे यावर होतो.

तर माझं मत आधीच सांगून मोकळं होऊ या. ही वस्तू फसवी नाही, ती काम करते. पण बोईसर, पालघर, डहाणूकडच्या कॉलेजात जाणाऱ्या, दोन्ही हात धड असलेल्या बहुतेक पोरापोरींना ती लागत नाही. आणि ज्यांना ती खरंच लागते, ती माणसं तुमच्या घरात असू शकतात. फक्त त्यांच्या फोनवर ती जाहिरात येत नाही.

आधी ब्रशची बाजू नीट ऐकून घेऊ. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकाचं डोकं छोटं आणि गोल असतं, ते अर्धवट फिरून उलटं येतं. दुसरं नेहमीच्या ब्रशसारखं लांबट, पण अतिशय वेगानं थरथरतं. वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१४ मध्ये साध्या आणि इलेक्ट्रिक ब्रशची तुलना करणारे ५६ अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या ५१ अभ्यासांमधल्या ४,६२४ जणांची आकडेवारी एकत्र मांडता आली. इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, एक ते तीन महिन्यांत ११ टक्के आणि तीन महिन्यांनंतर २१ टक्के जास्त कमी झालेला दिसला. हिरड्यांची सूज याच काळात ६ आणि ११ टक्के जास्त कमी होती. म्हणजे फायदा आहे. ‘सगळी मार्केटिंगची थापेबाजी’ असं म्हणणाऱ्या मित्राला हे आकडे जरूर ऐकवा.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी जाहिरातीत येत नाही. हा फरक पुढे जाऊन दात वाचवण्याच्या दृष्टीनं नेमका किती महत्त्वाचा, हे स्पष्ट नाही, असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेचा सल्लाही साधा आहे: दोन्ही ब्रश दात स्वच्छ करू शकतात. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रशनं, फ्लोराइडच्या पेस्टनं घासा. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला.

आता जरा विचार करा. महागड्या ब्रशमध्ये मोटार सोडून आणखी काय असतं? दोन मिनिटांचा टायमर. दर तीस सेकंदांनी ‘आता दुसरी बाजू’ असं सांगणारा झटका. जोरात दाबलं तर लागणारा लाल दिवा. म्हणजे तुम्ही विकत घेता त्यातला बराचसा भाग शिस्त आहे. आणि टायमर तर तुमच्या खिशात आधीपासून आहे.

स्टॉपवॉच लावून बघा

उद्या सकाळी नेहमीसारखे दात घासा, फक्त फोनवर स्टॉपवॉच लावा. सात-चाळीसची लोकल गाठायची असेल तर मिनिटभरात तुम्ही चूळ भरत असाल. दोन मिनिटं म्हणजे फार नाही. बोईसरहून सुटलेली गाडी उमरोळीला पोचायला याहून जास्त वेळ घेते. पण आरशासमोर उभं राहून ब्रश फिरवताना हीच दोन मिनिटं संपता संपत नाहीत, आणि अर्ध्यावरच आपण तोंड धुतो. वसतिगृहात किंवा पीजीत राहत असाल आणि मागे बेसिनसाठी चौघं उभे असतील, तर विचारायलाच नको. जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून शिकायला आलेल्या मुलांना ही रांग चांगली माहीत असेल. त्यावर उपाय सोपा आहे: बेसिन फक्त थुंकायला लागतं. पेस्ट लावून ब्रश घेऊन बाहेर व्हरांड्यात उभं राहिलं, तरी दात घासले जातात.

दुसरी गोष्ट घासण्याच्या पद्धतीची. आपल्याकडे दात घासणं म्हणजे तांब्या घासल्यासारखं जोर लावून आडवं घासणं. त्यासाठी मुद्दाम ‘हार्ड’ लिहिलेला ब्रश आणणारी घरंसुद्धा आहेत. यानं हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते, आणि मग थंड पाणी प्यायलं की कळ थेट डोक्यात जाते. प्लाक मऊ असतो, त्याला जोर लागत नाही. ब्रश मऊच घ्या. हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तो साधारण ४५ अंशांत तिरका धरा आणि छोट्या छोट्या हालचालींनी पुढे सरका. दातांची बाहेरची बाजू, आतली बाजू, चावायची बाजू. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू विसरू नका, कीटण तिथेच लवकर जमतं. हा थर एकदा कडक होऊन कीटण झालं, की ते कुठल्याच ब्रशनं निघत नाही, मग तो वीस रुपयांचा असो की पाच हजारांचा. ते दंतवैद्याकडेच काढावं लागतं. ‘सफाई केली की दात हलायला लागतात’ हे आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतं, पण ते खरं नाही. दात आधीच कमकुवत झालेले असतात. कीटणाचा आधार गेला की ते फक्त लक्षात येतं.

इलेक्ट्रिक ब्रश घेऊनही लोक इथेच चुकतात. साध्या ब्रशसारखा तो खसाखसा फिरवतात. तो दातावर नुसता टेकवून एकेका दातावरून हळू सरकवायचा असतो. घासायचं काम तो करतो, आपण त्याला फक्त जागा दाखवायची. पद्धत बदलायची नसेल, तर पैसे गेलेच म्हणून समजा.

खर्च ब्रशचा नाही, डोक्याचा

आता हिशोब. चाळीस रुपयांचा साधा मऊ ब्रश धरा. वर्षाला चार, म्हणजे १६० रुपये. दुसरीकडे बऱ्यापैकी रिचार्जेबल ब्रश दीड हजाराला मिळाला असं समजू. त्याचं डोकंही तीन-चार महिन्यांनी बदलायचं असतं. एक डोकं दोनशेला धरलं, तरी वर्षाचे आठशे. पहिल्या वर्षी तेवीसशे, आणि मग दरवर्षी आठशे. तुम्ही बघत असाल त्या मॉडेलचे आकडे घालून हा हिशोब स्वतः करा. दीड हजाराची ऑफर बघताना लोक ब्रशची किंमत बघतात, डोक्याची बघत नाहीत. प्रिंटर घेताना शाईची किंमत बघत नाहीत, तसंच.

मग होतं काय? डोकं महाग म्हणून माणूस तेच आठ-दहा महिने वापरतो. त्यातच ते स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ऑनलाइन मागवावं लागतं, आणि मागवायचं राहून जातं. केस फिस्कटलेलं महागडं डोकं नव्या स्वस्त ब्रशहून वाईट. दोन-तीनशे रुपयांत मिळणारे सेलवरचे ब्रश तर बहुतेक वेळा नुसते थरथरणारे साधे ब्रश असतात. टायमर नाही, दाब कळत नाही, काहींना बदलायला डोकंसुद्धा मिळत नाही. ‘ट्राय करून बघू’ म्हणून घेताना हाच प्रकार सगळ्यात जास्त हातात पडतो, आणि माझ्या मते पैसे घालवायचा हाच सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

काही जण विजेचं कारण पुढे करतात. आमच्याकडे पाऊस आला की लाइट जाते, तिथे कुठे इलेक्ट्रिक ब्रश? देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून तारापूरला वीज बनवतंय आणि आजूबाजूच्या पाड्यांत अंधार, हा टोमणा आपल्याकडे जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण ब्रशच्या बाबतीत हे कारण टिकत नाही. चांगला ब्रश एका चार्जिंगवर एक-दोन आठवडे चालतो. नको म्हणायचं तर खऱ्या कारणासाठी म्हणा.

खऱ्या कारणांत एक कचऱ्याचंही आहे, पण तेही एकतर्फी नाही. पावसाळ्यात चिंचणी किंवा केळव्याच्या किनाऱ्यावर समुद्र जे प्लास्टिक परत आणून टाकतो, त्यात जुने ब्रश दिसतातच. साधा ब्रश अख्खा फेकला जातो, इलेक्ट्रिकचं फक्त डोकं. मात्र त्याची बॅटरी संपली की तो अख्खा ई-कचरा होतो, आणि तो घंटागाडीत टाकायचा नसतो. बांबूच्या ब्रशची दांडी मातीत जाते, पण केस बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. म्हणजे या मुद्द्यावर कुणीच फार शहाणपणा मिरवावा अशी स्थिती नाही.

आपल्याकडचे प्रश्न जाहिरातीत नाहीत

जाहिरातीतला माणूस रात्री साडेदहाला पायजमा घालून दात घासतो. बोईसरमध्ये कितीतरी घरं शिफ्टवर चालतात. तुमचे बाबा, दादा, कदाचित तुम्हीसुद्धा कॉलेज सांभाळून एमआयडीसीत कामाला जात असाल. तिसरी पाळी करून सकाळी घरी येऊन झोपणाऱ्याला ‘रात्री ब्रश करा’ हा सल्ला काय कामाचा? त्याच्यासाठी नियम असा: झोपायच्या आधी. मग ती झोप सकाळी आठची का असेना. झोपेत लाळ कमी होते, आणि लाळ हीच तोंडाची स्वतःची सफाई. दातांत अडकलेली साखर आणि जिवाणू यांना झोपेचे सहा-सात तास मोकळं रान मिळतं. जिवाणू त्या साखरेचं आम्ल करतात, आम्ल दात पोखरतं. सकाळचा ब्रश चुकला तर तोंडाला वास येतो, म्हणून तो कुणी चुकवत नाही. झोपण्याआधीचा चुकला तर लगेच काहीच होत नाही, म्हणून तोच चुकतो.

पाळीत जागं राहायला एनर्जी ड्रिंक किंवा कोल्ड्रिंक घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ही पेयं गोड असतात आणि आम्लही. ती पिऊन लगेच दात घासले, तर आम्लानं मऊ पडलेला वरचा थर ब्रशनं आणखी झिजतो. आधी साध्या पाण्यानं चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं.

हेच कारखान्यालाही लागू आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, कापड, स्टील असे सगळे उद्योग आहेत. स्टीलवरचा गंज काढायला, बॅटरी बनवायला किंवा धातूला मुलामा द्यायला जिथे आम्ल वापरतात, तिथे त्याच्या वाफेत वर्षानुवर्षं काम केल्यानं पुढचे दात झिजतात. हा व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासातला जुना, माहितीतला प्रकार आहे. तुमच्या घरात कुणाचे पुढचे दात आखूड, पातळ, काचेसारखे दिसायला लागले असतील, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांना दंतवैद्याकडे न्या, आणि आपण काय काम करतो हे डॉक्टरांना सांगायला लावा. त्याचबरोबर कामावर मास्क आणि वाफ ओढून घेणारे पंखे आहेत का, हेही विचारा. हा त्रास ब्रश बदलून जात नाही.

आणि मशेरी. आपल्याकडच्या किती घरांत आई, आजी, काकी सकाळी तोंडात मशेरी धरून बसतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ‘दात घट्ट राहतात’ असं त्या म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटतं ते तंबाखूमुळे, आणि सोडवत नाही तेही तंबाखूमुळेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण कॉलेजच्या कट्ट्यावर सुपारी आणि पुड्या कुठून येतात हे तुम्हीच जास्त जाणता. सुपारीनं तोंड हळूहळू उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर ब्रशची चर्चा बंद करून डॉक्टरांकडे जा. आजोबांच्या करंजाच्या किंवा कडुलिंबाच्या दातणाला मात्र हसू नका. नीट वापरलं तर तोही ब्रशच आहे. त्यात फ्लोराइड नसतं, एवढंच.

मग घ्यायचा कुणासाठी?

पहिला यशस्वी इलेक्ट्रिक टूथब्रश १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गाय वूग यांनी बनवला. ब्रॉक्सोडेंट त्याचं नाव. भिंतीतल्या सॉकेटला वायर लावून तो चालायचा. आणि तो मुळात ज्यांच्या हातांना नीट हालचाल जमत नाही अशा रुग्णांसाठी आणि ज्यांच्या दातांना तारा बसवल्या आहेत त्यांच्यासाठी होता. म्हणजे जी वस्तू आज आपल्याला ‘कूल’ म्हणून विकली जाते, ती मुळात गरजेतून आली.

ती गरज आजही तशीच आहे. संधिवातानं बोटं वाकडी झालेली आजी. अर्धांगवायूनंतर उजवा हात न उचलणारे आजोबा. हात थरथरणारे काका. विशेष गरजा असलेला लहान भाऊ, ज्याचे दात आईला घासून द्यावे लागतात. अशा माणसाच्या हातात जाड मुठीचा, स्वतः फिरणारा ब्रश दिला तर त्याला कुणावर अवलंबून न राहता दात घासता येतात. २१ टक्के प्लाकपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. तुमच्या दातांना तारा असतील, किंवा डॉक्टरांनी ‘तू फार जोरात घासतोस’ असं बजावलं असेल, तर दाब दाखवणारा ब्रश तुमच्याही उपयोगाचा. आणि कुणाला नव्या वस्तूची हौस आहे, पैसे आहेत, डोकी वेळेवर बदलायची तयारी आहे, तर जरूर घ्या. हौस हे वाईट कारण नाही. फक्त तिला आरोग्य म्हणू नका.

बाकीच्यांनी एक करून बघा. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट आणा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जाहिरातीतल्यासारखी लाटबिट काढायची गरज नाही. रोज दोनदा, त्यातली एक वेळ झोपण्याआधीची, टायमर लावून दोन मिनिटं. पेस्ट थुंकल्यावर तांब्याभर पाण्यानं चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. पहिले काही दिवस हिरड्यांतून थोडं रक्त येईल. घाबरून तिथे घासणं सोडू नका. रक्त येतं तिथेच थर साचलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनीही थांबलं नाही, तर तपासून घ्या.

त्या तपासणीसाठीच ब्रशचे वाचलेले पैसे ठेवा. दाढेत छोटासा काळा ठिपका असताना भरून घेतली तर काम थोडक्यात भागतं. रात्री ठणकायला लागल्यावर गेलात तर रूट कॅनाल आणि वर कॅप, म्हणजे काही हजार. आपल्याकडे बहुतेक जण दुसऱ्याच वेळी जातात, आणि मग पैसे नाहीत म्हणून दाढ काढूनच टाकतात. विशी-बाविशीत काढलेली दाढ पुढची पन्नास वर्षं परत येत नाही. पैशांचीच अडचण असेल, तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. आपल्या जवळच्या रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, तेवढं आधी विचारून जा.

कार्टमधला ब्रश काढायचा की ठेवायचा, हे महिनाभरानं ठरवा. महिनाभर रोज दोनदा दोन मिनिटं साध्या ब्रशनं काढता आली, तर तुम्हाला मशीनची गरज नाही. आणि नाहीच काढता आली, तर आधी बटण न दाबताच पडून राहणाऱ्या दीड हजाराच्या ब्रशचा विचार करा.